मी फक्त पट्टी खाली ठेवली

आणि त्यात ते मेलं धुकं! नाही, तुम्ही म्हणाल म्हातारा आता सगळं धुक्यावर ढकलतोय. पण खरंच सांगतो, त्या दिवशी सकाळी असं धुकं होतं की मी दाराबाहेर पाऊल टाकलं तर समोरचा दिव्याचा खांब गायब, कोपऱ्यावरचा सायकलवाला गायब, नुसता त्याचा खोकला ऐकू येतोय! थंडी हाडात शिरलेली. कारखान्यात पोचलो तर चिकटवायची खळ वाळेना, कागद दमट, घडी घालावी तर ती पुन्हा उमलतेय, आणि हातातली पट्टी म्हणजे नुसता बर्फाचा तुकडा. बोटं आखडली. बोटं आखडली की माणूस काय करतो? हातातलं खाली ठेवतो. तशी मी ती पट्टी खाली ठेवली. झालं! एवढंच झालं. मी एक अक्षर बोललो नाही, तुम्हाला सांगतो. एक अक्षर नाही! आणि तेव्हापासून चौदा माणसं म्हणतायत, बाबांनी ठरवलं.

मी काय ठरवलं?

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. जरा मागे जावं लागेल. घाई नाही ना? मला कधीच नसते, म्हणून तर हे सगळं झालं.

तर मी पुस्तकं बांधतो. छापखान्यातून मोठाले कागद येतात, त्यांची घडी घालायची, घडीवरून पट्टी फिरवायची म्हणजे ती बसते, मग शिलाई, मग खळ, मग पुठ्ठा. पट्टी म्हणजे हाडाची, वीतभर लांब, वापरून वापरून अशी गुळगुळीत झालेली की डोळे मिटून हात लावला तरी मी माझी ओळखीन. एक्केचाळीस वर्षं झाली. किती पुस्तकं बांधली असतील देव जाणे, आणि त्यातलं एकही वाचलेलं नाही, कारण मला वाचताच येत नाही. हसा, हसा. सगळे हसतात. मला पानांचे आकडे कळतात, उलटं-सुलटं कळतं, तेवढ्यावर जन्म निघाला.

आता आमच्या कारखान्याची एक रीत आहे. हात वर करायची पद्धत आमच्याकडे नाही. हात खळीने बरबटलेले, वर केले की खळ कोपरापर्यंत ओघळते. म्हणून काही ठरवायचं असलं, खिडकी उघडायची का, पंखा कुणाकडे फिरवायचा, तर ज्याला मान्य असेल त्याने हातातलं हत्यार खाली ठेवायचं. मान्य नसेल त्याने गुपचूप काम चालू ठेवायचं. बस्स. भांडण नाही, तंटा नाही. आणि सगळ्यात जुना माणूस आधी ठेवतो. कुणी ठरवलं ठाऊक नाही, मी लागलो तेव्हापासून आहे. तेव्हा सगळ्यात जुना दुसराच कुणी होता, आता मी आहे. यात माझी काही हुशारी नाही, मी फक्त मेलो नाही एवढंच.

तर नवे मॅनेजर आले. नवे साहेब. वय असेल चौतिसेक. जुने साहेब कसे, लांबूनच ओरडायचे, "अरे हात चालवा, तोंडं काय चालवताय!" मग आम्ही दोन्ही थांबवायचो. हे नवे तसे नाहीत. हे ओरडतच नाहीत! पहिले आठ दिवस नुसते हात मागे बांधून हिंडले. कटिंग मशीनवाल्यापाशी उभे राहिले, खळ ढवळणाऱ्यापाशी उभे राहिले, आणि एवढंच विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" आता आम्हाला असं कुणी कधी विचारलेलं नाही. कटिंगवाला इतका घाबरला की म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही साहेब, मी सरळच कापतो!"

पण साहेब बघत होते हो. काय बघत होते? तर काहीही विचारलं की चौदाच्या चौदा माणसं आधी माझ्याकडे बघतात! मला स्वतःला हे कधी दिसलं नव्हतं. मी माझी घडी बघत असतो, मला काय ठाऊक माझ्याकडे कोण बघतंय?

नवव्या दिवशी साहेब स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

"बाबा, मला घडी शिकवाल?"

तुम्हीच सांगा, काय म्हणणार? म्हटलं, शिकवतो की! आणि पंधरा दिवस तो माणूस रोज अर्धा तास माझ्या शेजारी बसला. आणि घडी घालायचा कशी? वाकडी! कडेला कड जुळेल तर शपथ, कागदाचं पोट मधे फुगलेलं. मी म्हणायचो, "साहेब, कोपरा आधी, मग पोट." ते म्हणायचे, "बाबा, तुमच्या हातात जादू आहे." मी म्हणायचो, "जादू कसली, सवय." ते म्हणायचे, "याला फार मोठं मन लागतं बाबा, असं म्हणायला." आणि मग हळूच, "गुडघे काय म्हणतात?" गुडघ्यांची चौकशी! माझ्या सख्ख्या मुलाने केलेली नाही! चौथ्या दिवशी माझं स्टूल गेलं आणि माझ्या खाली खुर्ची आली. गादीची. तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस वर्षं लाकडी स्टुलावर बसलेल्या माणसाला गादीवर बसवलं ना, की त्याची पाठ सरळ होते आणि अक्कल आडवी पडते.

मधेमधे ते बोलायचे, असंच, वाऱ्यावर सोडल्यासारखं. "बाबा, ते डिंकाचं मशीन बघा, दुपारी तासभर बंद राहतं, गार होतं, पुन्हा तापायला किती वेळ जातो, नाही?" मी म्हणायचो, "जातो खरा." "सुट्टी अर्ध्या तासाची असती तर गारच झालं नसतं. आणि सगळे संध्याकाळी अर्धा तास लवकर घरी गेले असते. पण मी कोण ठरवणारा? तुम्ही जाणती माणसं."

जाणती माणसं! मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला जाणता म्हणाला? त्याला माणसं ओळखता येत नाहीत किंवा फार चांगली ओळखता येतात." तेव्हाच कान टवकारायला हवे होते माझे. पण माझे कान त्या गादीत रुतलेले.

आता मुख्य सांगतो. हे मी मुद्दाम पुढे ढकलतोय, तुमच्या लक्षात आलं असेलच.

आमच्याकडे शिलाईला एक ताई आहेत. हात असा की दोरा दिसतच नाही, नुसतं पुस्तक शिवलेलं दिसतं. कारखान्यात त्या माझ्या समोरच्या टेबलाला, आणि घरी माझ्या शेजारी. भिंतीला भिंत. त्यांचा नवरा पोस्टमन होता. मागच्या वर्षी सायकलवरच त्याचं उजवं अंग गेलं. आता खाटेवर असतो. जीभ मात्र जागेवर आहे. मला तर वाटतं अर्ध्या अंगातलं बळ निघालं ते सगळं तिथेच जाऊन बसलं. ताई रोज दुपारच्या सुट्टीत धावत घरी जातात, दहा मिनिटं जायला, दहा यायला, मधल्या चाळीस मिनिटांत त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, एकेक चमचा भरवायचा. घाई केली की त्याला ठसका लागतो. तो ठसका मला भिंतीतून ऐकू येतो, सुट्टीच्या दिवशी. मला सगळं ठाऊक होतं हो. अगदी चमचे मोजून ठाऊक होतं.

आणि तो धुक्याचा दिवस उजाडला.

साहेबांनी सगळ्यांना मधल्या दालनात उभं केलं. म्हणाले, "दुपारची सुट्टी तासाऐवजी अर्धा तास करावी का? संध्याकाळी लवकर घरी. मी काही लादणार नाही. तुम्ही ठरवा." आणि मग माझ्याकडे वळले, सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात, "बाबा, तुमच्या मनात काय आहे?"

एक्केचाळीस वर्षं! एक्केचाळीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं माझ्या मनात काय आहे. घरी बायको विचारते, पण तिला उत्तर आधीच ठाऊक असतं. मी वर बघितलं. चौदा तोंडं माझ्याकडे. ताईंचंही. ताईंच्या दातात दोरा होता, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या... कशा सांगू? निर्धास्त. म्हणजे बाबा आहेत ना, बाबांना ठाऊक आहे, अशा.

आणि बोटं आखडली होती, पट्टी गार होती, धुकं होतं...

बरं, जाऊ द्या. धुकं बाहेर होतं. आत शेगडी पेटलेली होती. सांगून टाकतो. तेवढी थंडी नव्हती आत. मला त्या क्षणाला असं वाटलं की हा माणूस माझ्यासाठी पंधरा दिवस वाकला, याचं मन कसं मोडायचं? आणि ती खुर्ची... आणि सगळे बघतायत... आणि मी पट्टी खाली ठेवली.

एक अक्षर बोललो नाही! पण ती पट्टी टेबलावर टेकली तशी टक्, टक्, टक्, कात्र्या, ब्रश, हातोड्या, सगळी हत्यारं खाली. आणि सगळ्यात शेवटी ताई. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि सुई सुयांच्या गादीत खोवली. त्यांनीही! म्हणजे बाबांनी ठेवली तर बाबांनी काहीतरी विचार केला असेल. बाबांनी! ज्याने आयुष्यात कोपरा आधी का पोट आधी यापलीकडे विचार केला नाही त्याने!

साहेब म्हणाले, "एकमताने."

सोमवारपासून लागू झालं. सोमवारी ताई धावत गेल्या, धावत आल्या, नऊ मिनिटं उशीर. हजेरीत लाल खूण. मंगळवारी चार मिनिटं, दुसरी लाल खूण. तीन खुणा झाल्या की घरी बसायचं, हा नियम जुन्या साहेबांच्या वेळचा. बुधवारी त्या गेल्याच नाहीत. जागेवर बसून शिवत राहिल्या, दुपारभर, मान खाली. आणि मी समोर, गादीच्या खुर्चीत. पोस्टमन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपाशी.   ताईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी दोन रात्री झोपलो तरी असतो.

बायकोला कळलं. ती दिवसभर मुलीकडे असते, नातीला सांभाळायला, संध्याकाळी आली तर भिंतीपलीकडून तिला कळलं. माझ्यासमोर उभी राहिली कंबरेवर हात ठेवून. "चाळीस वर्षं विचारतेय, पडदा हिरवा घेऊ का निळा, तर तुमचं आपलं 'तुला वाटेल तो'. घरात कधी एक गोष्ट ठरवली नाहीत, आणि ठरवायला गेलात ते हे?"

मी म्हटलं, "अगं मी एक अक्षर..."

"अक्षर तुम्हाला येतं कुठे!"

बरोबर आहे. 

गुरुवारी मी ठरवलं, निस्तरायचं. आपण ठेवली ना पट्टी, आपणच उचलायची! सकाळी सगळे जमले तेव्हा मी मधोमध गेलो, पट्टी टेबलावर ठेवली, सगळे माझ्याकडे बघेपर्यंत थांबलो, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती अशी वर उचलली. उंच! म्हणजे काय, तर मी माझी मान्यता परत घेतोय.

सगळ्यांनी आपापली हत्यारं उचलली... आणि कामाला लागले!

लागणारच की! हत्यार उचललं की काम सुरू, हीच तर रीत. खाली ठेवायचा अर्थ आहे, उचलायचा अर्थ कुणी ठरवलेलाच नाही! एवढ्या वर्षांत कुणाला दिलेला होकार परत घ्यावासा वाटला नव्हता ना! मी तिथे पट्टी वर धरून उभा, आणि कटिंगवाला मला म्हणतो, "बाबा, माशी आहे का?"

मग मी बोललो. तोंडाने. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर बोललो. म्हटलं, "सुट्टी पुन्हा तासाची करूया." तर खळवाला म्हणतो, "का हो बाबा? मला तर आता मुलीला शाळेतून आणता येतं." कटिंगवाला म्हणतो, "मला संध्याकाळच्या बसची गर्दी लागत नाही हो आता." पुठ्ठेवाला म्हणतो, "तुम्हीच तर ठरवलंत, बाबा!" आणि सगळे असे प्रेमाने हसले माझ्याकडे बघून. मला वाटत होतं ही माणसं माझ्यामागून येतात. अहो, त्यांना जायचं असतं त्याच वाटेवर मी पुढे दिसतो, एवढंच! बाजूला वळलो तर मागे कुणी नाही. ताईंनी मान वर केली नाही.

मग गेलो साहेबांच्या खोलीत. सगळं सांगितलं. पोस्टमन, ठसका, चमचे, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं, अगदी मनापासून, एकदाही मधे बोलले नाहीत. वाईट माणूस नाही तो, खोटं कशाला बोलू. समोर एक पत्र होतं, ऐकता ऐकता ते हातात घेऊन चाळा करत होते. म्हणाले, "बाबा, मला फार वाईट वाटतं. पण एकीला सूट दिली तर उरलेल्यांना काय सांगू? आणि मी कुणावर जबरदस्ती केली का? त्यांनी स्वतः सुई खोवली. मी पाहिलं. शेवटी निर्णय तुमचा आहे. सगळ्यांचा."

आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. त्या पत्राची घडी. कोपरा आधी, मग पोट. कडेला कड, केसाचा फरक नाही! वरून अंगठ्याचं नख फिरवलं, पट्टी नसेल तर फिरवतात तसं. हे मी शिकवलं नव्हतं त्यांना.

मी म्हटलं, "साहेब, नखाने दाबायला कुणी शिकवलं?"

ते म्हणाले, "वडिलांनी. ते बांधणीचंच..." आणि थांबले.

आणि बघा, मला राग यायला हवा होता ना? मला आधी कौतुक वाटलं! पंधरा दिवस, रोज अर्धा तास, वाकडी घडी घालणं म्हणजे खायचं काम आहे? माझ्यासारख्या माणसाला जमणार नाही! हाताला वळणच तसं पडलेलं असतं, ते मुद्दाम मोडायचं, तेही समोरच्या म्हाताऱ्याला संशय न येता... आणि कशासाठी, तर मी एकदा पट्टी खाली ठेवावी म्हणून! ओरडून काम झालं असतं की. पण ओरडलं की माणूस म्हणतो, साहेबांनी केलं. आणि असं केलं की माणूस जन्मभर म्हणत बसतो, मी केलं.

मी उठलो, तर साहेब म्हणाले, "बाबा, माझ्या मनात आहे तुम्हाला सल्लागार करायचं. हजेरीवर सही नाही, वेळेचं बंधन नाही. खुर्ची माझ्या खोलीत. फक्त मधूनमधून सगळ्यांशी बोलायचं."

म्हणजे पुन्हा पट्टी ठेवायला! मी नाहीच म्हणणार होतो. दाराशी पोचलोही होतो. आणि डोक्यात काहीतरी हललं. वेळेचं बंधन नाही?

मी वळलो. खुर्चीत बसलो. आणि जसं त्यांनी विचारलं होतं, अगदी तस्सं, हळू आवाजात विचारलं, "साहेब, तुम्हाला काय वाटतं, सल्लागाराने सल्ला द्यायच्या आधी विचार करावा का?"

"करायलाच हवा, बाबा!"

"आणि इथे मशीनच्या आवाजात विचार होईल का? तुम्ही जाणते, तुम्ही सांगा."

"नाहीच होणार," साहेब म्हणाले.

"मग दुपारी दीडेक तास एखाद्या शांत खोलीत... अर्थात मी कोण ठरवणारा."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं! मुद्दाम असेल, सहज असेल, पण ठेवलं. मी मनात म्हटलं, एकमताने. तेवढ्यात ते माझ्याकडे बघून जरासे हसले. म्हणजे त्यांना कळलं का काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर असा मी सल्लागार झालो. घडी घालायची बंद. टेबल दुसऱ्याला दिलं. पट्टी खिशात ठेवतो, अधूनमधून चाचपतो. ताईंना जाऊन सांगितलं, "उद्यापासून दुपारी तुम्ही जागेवरून उठू नका, मी जातो." त्या बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. त्यांना एका फटक्यात ओवता येतो, त्या दिवशी येईना. मग म्हणाल्या, "खाली टॉवेल पसरा, बाबा. आणि घाई करू नका." मी म्हटलं, "घाई मला येत नाही, ताई." त्यावर त्या जराशा हसल्या. पूर्वीसारख्या नाही. निर्धास्त अशा नाही. तसं आता त्या माझ्याकडे कधी बघणार नाहीत, ते मी गमावलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. ताईंना दहा मिनिटं लागतात, मला पंचवीस. वाटभर जुळवत होतो काय बोलायचं ते. पोस्टमनची माफी मागायची. सगळं सांगायचं, धुक्याचं न सांगता. दार लोटून आत गेलो. तो खाटेवर, उशीला टेकून, डोळे दाराकडे. शेजारच्या स्टुलावर ताटली झाकलेली, तिच्यावर चमचा. मी टॉवेल हातात घेऊन उभा राहिलो. म्हटलं, "हे बघा, त्या दिवशी जे झालं ना... तुम्हाला सांगतो, मी एक अक्षर बोललो नाही, मी फक्त पट्टी..."

पोस्टमनने डावा हात जरासा वर केला, मला थांबवलं, आणि त्या वाकड्या झालेल्या ओठांतून सावकाश म्हणाला, "तिकडे पट्टी खाली ठेवलीत ना? आता इकडे चमचा उचला, बाबा. भूक लागलीये."